अंगठा, ओळख आणि संमती : डिजिटल खासगीपणाच्या हक्काची प्रस्तावना

'खासगी' हा शब्द मराठीला दरबाराने दिला. 'खास'पासून आलेला हा शब्द मराठेशाहीत राज्यकर्त्याच्या स्वतःच्या मिळकतीसाठी आणि तिचा हिशेब ठेवणाऱ्या खात्यासाठी वापरला जाई. होळकरांच्या राज्यात सरकारी दौलत आणि खासगी दौलत अशी विभागणी होती, अहिल्याबाईंनी देशभर केलेल्या घाटमंदिरांच्या कामांना खासगीच्या उत्पन्नाचा आधार होता, आणि पेशव्यांच्या पुण्यात या खात्याचा कारभार पाहणाऱ्या घराण्याला 'खासगीवाले' हे आडनावच पडले. इतरांनी हात लावू नये असे काही आपल्यापाशी असणे हा, शब्दाच्या इतिहासापुरते पाहिले तर, प्रथम धन्याचा अधिकार होता, आणि रयतेचेही काही खासगी असू शकते हे कायद्याच्या भाषेत निःसंदिग्धपणे मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. ज्या योजनेमुळे हा प्रश्न न्यायालयापुढे आला, तिचा प्रारंभ मुंबई वा दिल्लीत झालेला नव्हता. तो नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्याच्या टेंभली या लहानशा गावात झाला होता. डिजिटल खासगीपणाचा मराठीतील विचार टेंभलीपासून सुरू करणे म्हणूनच सयुक्तिक ठरते.

विषयात शिरण्यापूर्वी तीन शब्दांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण मराठीत ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. 'गोपनीयता' म्हणजे एखादी माहिती ठरावीक वर्तुळाबाहेर जाऊ न देण्याचे बंधन, जे डॉक्टर, वकील वा बँक यांच्यावर असते. 'सुरक्षितता' म्हणजे साठवलेली माहिती चोरीला जाऊ नये किंवा बदलली जाऊ नये यासाठीची तांत्रिक तजवीज. आणि 'खासगीपणा' म्हणजे आपल्याविषयी कोणाला काय, किती आणि कशासाठी कळावे हे ठरवण्याचा व्यक्तीचा अधिकार. पहिल्या दोन गोष्टी माहिती बाळगणाऱ्याच्या कर्तव्याबद्दल बोलतात, तिसरी मात्र ज्याची माहिती आहे त्याच्या हक्काबद्दल बोलते. एखाद्या सरकारी संगणकातील माहिती कितीही कडेकोट बंदोबस्तात असली, तरी ती मुळात घ्यायलाच हवी होती का आणि घेताना माणसाला विचारले होते का, हे प्रश्न उरतातच. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १५ डिसेंबर १९८३ रोजी जनगणनेच्या कायद्याविषयी निर्णय देताना याच अधिकाराला 'माहितीविषयक स्वयंनिर्णय' असे नाव दिले, आणि संगणकाच्या युगात कोणतीही माहिती क्षुल्लक राहत नाही, असा इशाराही दिला. कारण तुकड्यातुकड्यांनी घेतलेली माहिती एकत्र जोडली की माणसाचे संपूर्ण चित्र उभे राहते.

या हक्काच्या आड मराठी मनात दोन म्हणी येतात. 'कर नाही त्याला डर कशाला' ही पहिली, आणि 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही दुसरी. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही म्हणींचे गृहीत एकच आहे : झाकण्याजोगे जे असते ते काहीतरी उणे असते. पण शेतमजुराने आपल्या कर्जाची रक्कम मुकादमाला न सांगणे, मुलीने आपला आजार गावाला न सांगणे किंवा मतदाराने आपले मत कोणालाच न सांगणे यात उणे काही नाही, कारण ती माहिती ज्याच्या हाती जाते त्याच्या हाती सत्ता जाते. श्रीमंताला त्याचे कुंपण आणि वकील सांभाळतात. ज्याला रेशनसाठी, मजुरीसाठी आणि औषधासाठी रोज कोणापुढे तरी उभे राहावे लागते, त्याला मात्र हक्काशिवाय दुसरे कुंपण नसते, आणि म्हणूनच खासगीपणा हा शहरी सुखवस्तू वर्गाचा चोचला आहे हा समज उलटा आहे.

मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय परंपरेत हा विचार नवा नाही. १९४८ च्या वैश्विक जाहीरनाम्याच्या बाराव्या कलमात खासगी जीवन, कुटुंब, घर आणि पत्रव्यवहार यांत मनमानी हस्तक्षेप होऊ नये असे म्हटले आहे, आणि तेच तत्त्व सांगणाऱ्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात भारत १९७९ मध्ये सामील झाला. भारतात तर त्याआधीच, १९४७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये असा हक्क सुचवला होता. तो राज्यघटनेत स्वतंत्रपणे आला नाही, आणि त्याच्या अभावावर बोट ठेवून १९५४ मध्ये आठ न्यायमूर्तींच्या व १९६२ मध्ये सहा न्यायमूर्तींच्या पीठाने असा हक्क राज्यघटनेत नसल्याचे म्हटले. नंतरच्या लहान पीठांनी मात्र तो हळूहळू मान्य केला. महाराष्ट्रातील एका पोलीस अधिकाऱ्याच्या बडतर्फीच्या प्रकरणात १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, समाज जिच्या चारित्र्यावर बोट ठेवतो त्या स्त्रीलाही खासगीपणा असतो आणि तिच्या घरात वाटेल तेव्हा शिरण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे सांगितले. १९९६ मध्ये दूरध्वनी चोरून ऐकण्यावर नियमांची चौकट घातली गेली. असे असूनही मोठ्या पीठांचे जुने शब्द पुसले गेलेले नव्हते, आणि ही संदिग्धता मनात ठेवूनच पुढील घटनाक्रम पाहायला हवा.

नंदुरबार जिल्हा धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडे नर्मदा, दक्षिणेच्या सपाटीतून वाहणारी तापी, आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्येत दर दहांमागे जवळपास सात आदिवासी, अशी या जिल्ह्याची घडण आहे. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, गावित या समाजांतील अनेक कुटुंबे दरवर्षी पावसाळ्यानंतर ऊसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी गुजरातकडे जातात. कागद नसणे हा येथील जुना प्रश्न होता, आणि ज्याच्यापाशी ओळखीचा एकही दाखला नाही त्याला ओळख द्यावी, असा हेतू सांगूनच २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत टेंभलीच्या दहा रहिवाशांना देशातील पहिले 'आधार' क्रमांक देण्यात आले. आधार म्हणजे बारा अंकी क्रमांक, ज्याच्या पाठीशी दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांतील बुबुळांच्या प्रतिमा आणि चेहऱ्याचे छायाचित्र एका मध्यवर्ती साठ्यात ठेवलेले असते. पहिला क्रमांक गावातील एका महिलेला मिळाला. तिचे नाव आणि छायाचित्र देशभर पोहोचले, आणि काही बातम्यांत तर तिचा क्रमांकही छापला गेला. असा क्रमांक जाहीर करण्यास मनाई करणारा कायदा पुढे २०१६ मध्ये आला, म्हणजे ज्या ओळखीचा सोहळा झाला तिला कायद्याचे पांघरूण साडेपाच वर्षांनी मिळाले.

या विलंबाचे गांभीर्य कळण्यासाठी अंगठ्याचा इतिहास आठवावा लागतो. अक्षरशत्रू कुणब्याने दस्तावर नांगराची निशाणी करावी आणि स्त्रीने बांगडीची, ही महाराष्ट्रातील जुनी रीत होती. १८५८ मध्ये बंगालमधील विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटावर कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा घेतला, तो त्याने पुढे करार नाकारू नये म्हणून. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी सुरू झाली, आणि गुन्हेगारांच्या नोंदीपासून जमिनीच्या दस्तापर्यंत डाव्या हाताचा अंगठा सर्वत्र पोहोचला. निशाणी असो वा अंगठा, त्याखालच्या मजकुराचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत पुणे-अहमदनगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे खतपत्र जाळले, कारण कागदावर काय लिहिले आहे हे ज्याने निशाणी केली त्यालाच ठाऊक नसे. त्यानंतर झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने निवडक जिल्ह्यांत असे दस्त ग्राम-निबंधकासमोर करण्याची आणि ते वाचून दाखवण्याची तरतूद केली. वसाहती सरकारलाही उमगले होते की अंगठा उठला म्हणजे संमती मिळाली असे होत नाही. शहादा परिसराला तर हा धडा आणखी जवळून मिळालेला आहे : अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ मध्ये स्थापन झालेली श्रमिक संघटना यांनी जो लढा उभारला, त्याच्या मुळाशी गहाणवट आणि कर्जाच्या कागदांतून आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी होत्या, आणि अशा जमिनी परत देण्याचा कायदा राज्याला १९७० च्या दशकात करावा लागला.

प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा येथेच येतो. अंगठा दोन वेगळ्या गोष्टी करतो : 'हा माणूस तोच आहे' हे तो सिद्ध करतो, आणि 'या माणसाने होकार दिला' असेही त्यातून मानले जाते. पहिली गोष्ट ओळख, दुसरी संमती. यंत्राला पहिलीच गोष्ट तपासता येते. दुसरी तपासण्याचे काम माणसाचे आणि कायद्याचे असते. डिजिटल व्यवहाराने या दोहोंतील अंतर पुसून टाकले, आणि खासगीपणाच्या हक्काची आजची बहुतेक दुखणी त्या पुसल्या गेलेल्या रेषेतून उद्भवली आहेत.

आधारच्या न्यायालयीन प्रवासात ही रेषा पुन्हा आखण्याचा प्रयत्न झाला. २००९ मध्ये केवळ प्रशासकीय अधिसूचनेने निर्माण झालेल्या प्राधिकरणासाठी २०१० मध्ये विधेयक आले, परंतु यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने २०११ मध्ये ते स्वीकारण्यास नकार दिला. तरीही नोंदणी चालूच राहिली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये याचिका केली. २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या वतीने १९५४ आणि १९६२ च्या निकालांवर बोट ठेवून खासगीपणा हा मूलभूत हक्कच नसल्याचा युक्तिवाद झाला, आणि त्यामुळेच प्रश्न नऊ न्यायमूर्तींकडे गेला. त्यांनी जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याची हमी देणाऱ्या अनुच्छेद २१ मध्ये, तसेच इतर मूलभूत हक्कांच्या गाभ्यात हा हक्क असल्याचे ठरवले. त्यावर राज्यसंस्थेला मर्यादा घालायची असेल तर त्यासाठी कायदा हवा, उद्देश वाजवी हवा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा, अशी कसोटीही त्यांनी घालून दिली. या निकालाला महाराष्ट्राच्या न्यायपरंपरेतील एक अंतर्गत हिशेबही जोडलेला आहे. आणीबाणीत, १९७६ मध्ये, नागरिकाचे जीवितस्वातंत्र्य स्थगित होऊ शकते असे म्हणणाऱ्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निर्णय चुकीचा ठरवून रद्द करणारे मुख्य निकालपत्र त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.

हक्क मान्य झाला तरी योजनेचा निवाडा उरला होता. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने आधार कायदा वैध ठरवला. अनुदाने आणि कल्याणकारी लाभांसाठी आधारची सक्ती टिकली; खासगी कंपन्यांनी करारापोटी आधार मागण्याची मुभा मात्र रद्द झाली, पडताळणीच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याची मुदत सहा महिन्यांवर आली, आणि ठसे न जुळल्यामुळे कोणालाही लाभ नाकारला जाऊ नये असे बजावण्यात आले. एकमेव भिन्न मत न्यायमूर्ती चंद्रचूड यांचे होते. हा कायदा धन विधेयक म्हणून संमत करून राज्यसभेला बगल देणे ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असे त्यांनी लिहिले. पुढल्याच वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, जमैकाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या देशातील तशीच राष्ट्रीय ओळख योजना रद्द करताना याच भिन्न मताचा आधार घेतला. टेंभलीत सुरू झालेल्या योजनेवरचा वाद अशा रीतीने कॅरिबियन बेटापर्यंत पोहोचला.

ओळखीची गरज खरी आहे, हे येथे निःसंकोच मान्य करायला हवे. बनावट शिधापत्रिकांवर उचलले जाणारे धान्य आणि मजुरीच्या हजेरीपटावरील खोटी नावे यांचा तोटा आदिवासी भागांनी सर्वाधिक सोसला आहे. मजुरीसाठी गुजरातेत गेलेल्या कुटुंबाला आपले रेशन तेथेच घेता येणे ही एक देश एक शिधापत्रिका योजनेची सोय आधारच्या पडताळणीवरच चालते. प्रश्न त्या सोयीची किंमत कोण मोजतो हा आहे. स्वस्त धान्य दुकानातील पॉस यंत्रावर ज्यांचे ठसे उठत नाहीत ते बहुधा म्हातारे, कोयता आणि कुदळ हाताळून बोटे झिजलेले, कुष्ठरोगाने बोटे गमावलेले लोक असतात. जिथे नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते तिथे पडताळणीचा खोळंबा हा धान्याचा खोळंबा ठरतो. घरात एकच मोबाइल असेल तर ओटीपी, म्हणजे एका वेळेपुरता येणारा परवलीचा क्रमांक, नवऱ्याच्या, मुलाच्या किंवा थेट सेवा केंद्रचालकाच्या हाती जातो, आणि बाईच्या नावाने झालेली केवायसी तिच्या संमतीने झाली असे संगणक मानून मोकळा होतो. अंगठ्यावर चालणाऱ्या बँकमित्राच्या यंत्रात पावती न देता दोनदा अंगठा घेतला गेला, तर खातेदाराला त्याचा पत्ताही लागत नाही; देशाच्या काही भागांत तर नोंदणीकृत दस्तांवरील ठशांच्या नकला करून खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे उघडकीस आले आहेत. परवलीचा शब्द चोरीला गेला तर तो बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही.

अंगठ्यानंतर आता चेहऱ्याची पाळी आलेली आहे. रोजगार हमीच्या कामावर जानेवारी २०२३ पासून मजुरांची छायाचित्रे स्थळाच्या नोंदीसह दिवसातून दोनदा घेण्याची पद्धत आली, आणि २०२५ पासून अंगणवाडीतून घरी नेण्याच्या पोषण आहारासाठी लाभार्थी मातेचा चेहरा यंत्राने ओळखण्याची अट आली. ठशासाठी निदान हात पुढे करावा लागतो, म्हणजे देणाऱ्याला आपण काही देत आहोत हे कळते. चेहरा दुरूनही टिपला जातो. आरोग्याची माहिती याहून नाजूक आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नंदुरबारमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरवून तपासलेल्यांना कार्ड देण्याची योजना आखली गेली, जेणेकरून दोन वाहकांनी विवाहापूर्वीच जोखीम जाणून घ्यावी. हेतू निश्चितच आरोग्याचा आहे; पण वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हा फरक जिथे सर्वांना समजलेला नाही, तिथे तेच कार्ड मुलीची सोयरीक मोडू शकते, आणि एका व्यक्तीची नोंद उघड झाली की तिच्या भावंडांविषयीही गाव अंदाज बांधते. अशा माहितीत एकाचा खासगीपणा साऱ्या कुळाचा असतो.

या सर्वांवर उतारा म्हणून आलेला कायदा म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्याच्या पूर्वतयारीचा पहिला मसुदा मुंबई उच्च न्यायालयात कारकीर्द घडलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये दिला होता. प्रत्यक्ष कायदा त्याहून बराच वेगळा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती घेण्यापूर्वी सूचना देणे, संमती घेणे, ती मागे घेण्याची मुभा ठेवणे आणि कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड करणे ही त्याची जमेची बाजू. परंतु सरकारी यंत्रणांना सूट देण्याचे व्यापक अधिकार त्यात आहेत, दंडाची रक्कम ज्याचे नुकसान झाले त्याला मिळत नाही, आणि माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम बदलून ती माहिती सरसकट वगळण्यात आली आहे. व्यापक सार्वजनिक हिताची एक वाट त्या कायद्यात अजून शिल्लक असली, तरी हजेरीपट आणि लाभार्थ्यांच्या याद्या मागवून गैरव्यवहार बाहेर काढणाऱ्या कार्यकर्त्यांना खासगीपणाचेच कारण सांगून परत पाठवले जाण्याची भीती त्यामुळे निर्माण झाली आहे. दुबळ्याचे कवच म्हणून मान्य झालेला हक्क कारभाऱ्यांची ढाल होणे, हा या विषयातील सर्वांत मोठा धोका आहे.

याच कायद्यातील आणखी एक तरतूद नंदुरबारच्या दृष्टीने निर्णायक आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय त्यात आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. मात्र २०११ च्या जनगणनेत एक कोटीहून अधिक लोकांच्या मातृभाषा जिच्याखाली मोजल्या गेल्या, त्या भिली-भिलोडीचे नाव त्या बावीस भाषांत नाही. ज्या जिल्ह्यात देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला, तेथील असंख्य घरांत बोलल्या जाणाऱ्या भाषेत संमती मागण्याचे बंधन आजही कोणावर नाही. १८७९ च्या कायद्याने दस्त वाचून दाखवण्याची जी किमान अपेक्षा ठेवली होती, तिच्याही अलीकडे आपण थांबलो आहोत.

पुढील विवेचन वाचताना वाचकाने हीच कसोटी हाताशी ठेवावी : माहिती मागणाऱ्याने ती का मागितली, कोणत्या भाषेत मागितली, आणि नकार देणाऱ्याच्या ताटातील घास काढून न घेता मागितली का? सातपुड्यातील रेशन दुकानाला जी कसोटी लागू आहे, तीच पुण्यामुंबईतील सोसायटीच्या फाटकावर मोबाइल क्रमांक लिहून घेणाऱ्या यंत्रालाही लागू आहे. फरक इतकाच की तेथील माणसाला नाही म्हणणे परवडते. टेंभलीतील त्या महिलेचे नाव सर्वज्ञात असूनही या प्रस्तावनेत घेतलेले नाही, कारण ते येथे घेण्याची गरज नव्हती आणि त्यासाठी तिची परवानगी मागितलेली नव्हती. खासगीपणाचा हक्क पाळणे म्हणजे प्रत्यक्षात एवढेच असते, आणि एवढे करायला कोणत्याही यंत्राची आवश्यकता नसते.